बाटलीत काय असते? – मुंबईच्या प्लेगची एक हकीकत



मी इतिहास शिकवतो. जंतूंविषयी लिहिणे हे खरे तर आमच्या विज्ञानाच्या सरांचे काम. परंतु २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीकरणाची मोहीम महाराष्ट्रातील शाळांतून सुरू झाली, तेव्हा माझ्या वर्गातील जवळजवळ निम्मी संमतिपत्रे सहीविना परत आली. मोहल्ल्यात नाना अफवा होत्या. एका विद्यार्थ्याच्या आईने मला सरळच विचारले, "सर, त्या बाटलीत काय असतं, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. लाज वाटली, आणि म्हणून वाचावयास बसलो. वाचता वाचता लक्षात आले की हाच प्रश्न आपल्या मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता. गोवर व रुबेला हे विषाणूंचे रोग; विषाणू हा जंतूहूनही पुष्कळ लहान व निराळा. येथे मी जी हकीकत सांगणार आहे ती जंतूची, म्हणजे प्लेगच्या जंतूची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. जांघेत व काखेत गाठ, कडक ताप, आणि थोड्याच दिवसांत मरण. शहर भराभर रिकामे होऊ लागले. सरकारने तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ते पटकीच्या लशीसाठी १८९३ पासून हिंदुस्थानात फिरत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. जगातील एका मोठ्या शोधाची ही सारी सामग्री!

शत्रू कोण, हे तोवर कळलेले होते. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ च्या जूनमध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी गवताने शाकारलेल्या झोपडीत बसून प्लेगच्या गाठीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच शहरात जपानचे नामांकित शास्त्रज्ञ किटासाटो उत्तम प्रयोगशाळेत काम करीत होते. येर्सिन यांना शवागारात जाऊ देईनात, म्हणून खलाशांना चार पैसे देऊन त्यांना आत शिरावे लागले. पण प्लेगचा जंतू २८ अंशांच्या आसपास, साध्या खोलीच्या उबेतच उत्तम वाढतो. येर्सिनपाशी उबविण्याचे यंत्र नव्हते, ते त्यांच्या पथ्यावरच पडले.

आता हा जंतू असतो तरी कसा? विद्यार्थी मित्रहो, पट्टीवरील एक मिलिमीटर डोळ्यांपुढे आणा. त्यात असे शेकडो जंतू एकापुढे एक मावतील. आपल्या शरीरातील पेशीला केंद्रक असते. याला ते नाही. वंशपरंपरेचा धागा पेशीच्या रसातच गुंडाळी होऊन पडलेला असतो. सभोवती पातळ पटल, त्याबाहेर भित्तिका. ही भित्तिका म्हणजे जंतूचा गावकूसच. डेन्मार्कचे हान्स ख्रिस्तिआन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये जंतू रंगविण्याची एक युक्ती काढली. जाड भित्तिकेचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिकेचे तो सोडून देतात आणि दुसऱ्या रंगाने गुलाबी होतात. प्लेगचा जंतू दुसऱ्या जातीचा. त्याची दोन्ही टोके अधिक गडद रंगतात, त्यामुळे तो बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारखा दिसतो. कित्येक जंतूंना पोहण्यासाठी शेपट्या असतात, याला त्याही नाहीत. मात्र माणसाच्या उबेत शिरला की तो अंगावर एक चिकट आवरण चढवतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना चुकवतो.

वाढीचे म्हणाल तर तो मधोमध चिरून एकाचे दोन, दोनाचे चार होतो. आपल्या आतड्यातला एक सर्वसाधारण जंतू चांगल्या अन्नात वीस मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब करून पाहा. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट म्हणजे एकाचे २०,९७,१५२! सकाळी शिजविलेले सालन उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत का आंबते, ते यावरून कळते. प्लेगचा जंतू मानाने सावकाश, त्याला एका दुपटीला तासाहून अधिक लागतो. अर्थात अशी वाढ कायम चालत नाही. सुरुवातीला जंतू जरा रेंगाळतो, मग झपाट्याने वाढतो, मग अन्न सरते, घाण साचते, वाढ थांबते, आणि अखेर ते मरू लागतात.

हाफकिन यांना हवे होते ते जंतूंचे पीक, आणि तेही भरपूर. त्यांनी काचेच्या चंबूंत मांसरस भरला. हा रस त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा केला, यासाठी की हिंदू व मुसलमान या दोघांपैकी कोणालाही हरकत घेण्यास जागा उरू नये. परक्या देशातून आलेल्या, धर्माने यहुदी असलेल्या माणसाने हे ध्यानात ठेवले, ही गोष्ट मला त्यांच्या शास्त्राइतकीच मोठी वाटते. त्या रसावर त्यांनी तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगचा जंतू त्या तरंगत्या थेंबांना खालून बिलगून वाढू लागला, आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे त्याचे बारीक झुबके रसात लोंबू लागले. चंबू हलविला की ते तळाशी पडत व थेंबाखाली नवे फुटत. पीक शुद्ध आहे, दुसरा जंतू शिरलेला नाही, याची खूणही हे झुबकेच. अशी सुमारे सहा आठवड्यांची मशागत झाली की चंबू ६५ ते ७० अंशांपर्यंत तासभर तापवीत. जंतू मरे, पण त्याच्या भित्तिकेची व आवरणाची ओळख शरीराला पटण्याइतकी शिल्लक राहत असे. वर थोडे कार्बोलिक आम्ल घालीत, की मागाहून काही शिरले तर ते वाढू नये. बाटलीत होते ते हे: मेलेले जंतू.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले, उतरले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. कैद्यांपैकी जे राजी होते त्यांना टोचले. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दगावले कोणी नाही.

तरी लोक येईनात, आणि का येतील? साथीचा कायदा १८९७ मध्ये झाला होता. गोरे शिपाई घरात शिरत, बायामाणसांची तपासणी होई, आजाऱ्याला ओढून इस्पितळात नेत. पुण्यात त्याच वर्षी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले निवर्तल्या. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात तपासणी पथक एका आजारी मुलीसाठी आले असता जुलाहा विणकर खवळले व दंगल उसळली. त्या विणकरांना अडाणी म्हणण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ज्यांनी कधी काही समजावून सांगितले नाही, त्यांच्या हाती आपली लेक कोण देईल?

याच्या उलट उदाहरणही मुंबईतलेच आहे. खोजा जमातीचे तरुण इमाम आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांनी आपली खुश्रू लॉज ही इमारत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली आणि सर्वांसमक्ष बाही वर करून लस टोचून घेतली. मग त्यांच्या जमातीतील हजारो लोकांनी ती घेतली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९२५ साली तिला हे नाव मिळाले.

सरकारने गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले, भिंती चुन्याने फासल्या. ही मेहनत बरीचशी वाया गेली, कारण जंतू तेथे नव्हताच. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले की तो उंदरांच्या पिसवेतून येतो. जंतूला मारावयाचे तर तो कोठे राहतो हे अगोदर कळले पाहिजे.

आता एक दुःखाची गोष्ट, जी लपविणे बरे नव्हे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी (आज ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली. पैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. पंजाबची मागणी प्रचंड होती, म्हणून हाफकिन यांनी तेव्हा लस बनविण्याची जलद रीत स्वीकारली होती आणि तीत कार्बोलिक घातले नव्हते. ठपका त्यांच्यावर आला, पद गेले. परंतु बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही. चौकशीत निघाले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून घेतला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, आणि तो बीजाणू करतो. प्रतिकूल काळात जंतू आपला वंशधागा जाड कवचात बंद करून निजून राहतो. त्या कवचाला साधे उकळणे पुरत नाही, मग कार्बोलिकच्या पाण्यातील एक बुचकळी कोठून पुरणार? प्लेगचा जंतू असा बीजाणू करीत नाही. एकाला पुरे पडणारा उपाय दुसऱ्याला पुरत नाही, हे त्या दिवशी १९ जिवांनी दाखवून दिले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. ते निर्दोष ठरले आणि कलकत्त्यास परतले, पण १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांना पूर्वीचे स्थान मिळाले नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले.

पुढचे थोडक्यात सांगतो. पेनिसिलिन जंतूची भित्तिका बांधू देत नाही. पण प्लेगच्या जंतूवर ते कामाचे नाही. त्याच्यावर स्ट्रेप्टोमायसिन चालते, टेट्रासायक्लिनही चालते. ही औषधे जंतूचे प्रथिन बनविण्याचे कारखाने बंद पाडतात. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेग आढळला, तेव्हा टेट्रासायक्लिनच गावोगाव वाटले गेले.

त्या आईला मी यातील पुष्कळसे सांगितले, मुलकोवालही सांगितले. ते सांगू नका, असे एका सहकाऱ्याचे मत होते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि सर, आता चिमटा कशात बुडवतात?" मी तिला शाळेत आलेल्या परिचारिकेकडे नेले. सिस्टरनी सुईचे बंद पाकीट तिच्या हातात दिले, फोडून दाखविले, आणि एकदा दट्ट्या दाबला की ही पिचकारी पुन्हा ओढता येत नाही, हे स्वतः करून दाखविले. तिने ती पिचकारी दोन-तीनदा ओढून पाहिली. धाकट्याच्या कागदावर तिने तेथेच सही केली. थोरल्याचा कागद दोन दिवसांनी आला, तोही त्याच्या अब्बांची सही घेऊन.