लिहून घेणारा मुलगा

बहिणाबाई चौधरींची कविता आपण शाळेत वाचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हेही परीक्षेपुरतं पाठ केलं. मग ही गाणी कागदावर उतरवली कोणी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. तिशीतच वैधव्य आलं. तीन मुलं, घर आणि शेत. जात्यावर बसून, शेतात राबता राबता त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव शिकला, पुढे कवी म्हणून नावाजला. त्यानं आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी या ओव्या वेळोवेळी लिहून घेतल्या.

अशा घरांबद्दल समाजशास्त्र काय म्हणतं? १९६१ साली अमेरिकेत कमिंग आणि हेन्री यांनी मांडलं की म्हातारपणी माणूस आणि समाज हळूहळू एकमेकांपासून बाजूला होतात, आणि ते दोघांच्याही सोयीचं असतं. सोय नेमकी कुणाची, यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. १९७२ मध्ये काउगिल आणि होम्स यांनी बोट ठेवलं ते आधुनिकतेवर. पुढे काउगिलनं चार कारणं मोजली : आरोग्यसेवा, यंत्रं, शहरं आणि शाळा. मुलं आईबापांपेक्षा जास्त शिकली की घरातल्या जुन्या शहाणपणाचा भाव उतरतो, असा त्याचा हिशोब.

यंत्रांबाबत तो बरोबर वाटतो. पिठाची गिरणी आली, बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले. ते चांगलंच झालं. पण ओव्या एका पिढीकडून दुसरीकडे जायच्या ती जागाही जात्याबरोबर कोपऱ्यात गेली.

शाळेचं मात्र चौधरींच्या घरात उलटं झालं. मुलाच्या शिक्षणानं आई मागे पडली नाही. त्या शिक्षणामुळेच तिचे शब्द टिकले. कोण किती शिकला हे सिद्धांत मोजतो. शिकलेला माणूस न शिकलेल्याजवळ बसून ऐकतो का, हे त्यात धरलेलं नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला नाव मिळालं ते शाळेत न गेलेल्या या बाईचं.

तरी एक गोष्ट टोचते. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. ज्यांची गाणी, त्यांनी ते पाहिलं नाही.

माझी आजी धुळ्याकडची. ती अहिराणीत बोलते, मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर पुस्तकी मराठीत उत्तर देतो. कितीतरी वर्षं आमचं बोलणं म्हणजे मी तिला फोन शिकवणं : इथं दाब, तिथं सरकव. शिकवणारा कायम मीच.

गेल्या दिवाळीत तिला विचारलं, जात्यावर काय म्हणायचीस? ती हसली, त्यात काय सांगायचं म्हणाली. मग जातं कसं मांडायचं, घास किती टाकायचा इथपासून सुरू झाली आणि पाऊण तास थांबली नाही. मधे दोन ओव्या आठवल्या, तिसरी अर्ध्यावर तुटली.

रेकॉर्डर सुरू करायचं मला सुचलं तेव्हा पहिली ओवी होऊन गेली होती.