नाव 'गॅबारॅप', पण काम नेमकं कोणतं?

आमच्या लॅबच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये एक बोटभर नळी आहे. तिच्यावर लिहिलंय : 'ह्यूमन गॅबारॅप, रिकॉम्बिनंट'. 'ह्यूमन' वाचून दचकू नका, ते कुणाच्या मेंदूतून काढलेलं नाही. माणसाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालायचं आणि जिवाणूकडून प्रथिन बनवून घ्यायचं, ही ती पद्धत. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन असंच जिवाणूकडून बनवून घेतलं गेलं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रस्तावात मोठ्या थाटात लिहिलं होतं, 'गॅबारॅप हे प्रथिन मेंदूतले गॅबा रिसेप्टर सिनॅप्सवर नेऊन बसवतं.' माझ्या गाइडनी ते वाचलं आणि एकच विचारलं, "मग हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे रिसेप्टर जागेवर कसे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जो इतिहास सापडला, तो आज तुम्हाला सांगतो.

आधी गॅबा म्हणजे काय ते पाहू. १९५० मध्ये यूजीन रॉबर्ट्स आणि सॅम फ्रँकेल यांना मेंदूत हा छोटा रेणू भरपूर प्रमाणात सापडला. तो करतो काय, हे कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. आज आपण त्याला मेंदूचा ब्रेक म्हणतो. चेतापेशीच्या पृष्ठभागावरच्या गॅबा रिसेप्टरला तो चिकटला की पेशी सहसा शांत होते. हा रिसेप्टर पाच तुकड्यांचा असतो. त्यातला 'गॅमा-२' हा तुकडा महत्त्वाचा, कारण डायझेपामसारख्या गोळ्यांचा परिणाम व्हायला तो लागतो. पण रिसेप्टर तयार होतो पेशीच्या आत आणि लागतो बाहेर, सिनॅप्सवर. मग त्याला तिथपर्यंत नेतं कोण? १९९० च्या दशकात हा प्रश्न ऐरणीवर होता.

उत्तर शोधायला यीस्ट कामी आलं. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये एक भारी युक्ती काढली होती. यीस्टमधलं जनुक चालू करणारं एक प्रथिन घ्यायचं आणि त्याचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा आपल्या प्रथिनाला जोडायचा, हे झालं आमिष. दुसरा तुकडा हजारो अनोळखी प्रथिनांना जोडायचा. आमिषाला कुणी चिकटलं, तर दोन तुकडे जवळ येतात, जनुक चालू होतं आणि तेवढंच यीस्ट वाढतं. म्हणजे गळ टाकून मासा पकडण्याचाच प्रकार!

रिचर्ड ओल्सेन, स्टीफन मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा-२ चा पेशीच्या आत लोंबणारा भाग आमिष म्हणून लावला. गळाला लागलं ११७ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन. १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये ते जाहीर झालं आणि त्याचं बारसंही झालं. 'गॅबा-ए रिसेप्टर असोसिएटेड प्रोटीन', थोडक्यात गॅबारॅप. ते पेशीच्या सांगाड्यातल्या ट्यूब्युलिनलाही चिकटतं, म्हणून रिसेप्टरला सांगाड्याशी बांधणारा हा दुवा असावा, अशी कल्पना मांडली गेली.

पण लगेच शंका आली. २००० मध्ये फ्रँकफर्टच्या हाइनरिश बेट्झ यांच्या गटाला हे प्रथिन सिनॅप्सवर नाही, तर पेशीच्या आत, गॉल्जीच्या आसपास दिसलं. म्हणजे हा सिनॅप्सवरचा खुंटा नव्हे. फार तर वाटेतला हमाल म्हणता येईल. २००५ मध्ये याच गटाने गॅबारॅप नसलेले उंदीर तपासले. त्यांचे गॅबा रिसेप्टर सिनॅप्सवर व्यवस्थित बसलेले होते. माझ्या गाइडनी विचारलेले उंदीर ते हेच.

इकडे जपानमध्ये वेगळीच गोष्ट चालू होती. योशिनोरी ओसुमी उपाशी यीस्टचा अभ्यास करत होते. उपाशी पेशी स्वतःचाच माल पिशवीत भरून मोडीत काढते. याला ऑटोफॅजी म्हणतात. २००० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की आज 'एटीजी-८' म्हणतात ते यीस्टचं प्रथिन एका स्निग्ध रेणूला जोडलं जातं, आणि पिशवी बनायला ते लागतं. या एटीजी-८ चं माणसातलं एक भावंड कोण? आपलं गॅबारॅप!

गंमत बघा. ज्या यीस्टमध्ये गळ टाकून गॅबारॅप पकडलं, त्याच यीस्टमध्ये त्याचं भावंड आधीपासून राहत होतं. आणि यीस्टला तर मेंदूच नसतो. म्हणजे या घराण्याचा धंदा मेंदूपेक्षा कितीतरी जुना. २०१६ मध्ये ओसुमींना नोबेल मिळालं. त्याच वर्षी मायकेल लाझारू यांच्या गटाने मानवी पेशींतून या घराण्याची सहाही जनुकं काढून पाहिली. पिशव्या बनत होत्या, पण त्या लायसोसोमशी नीट जुळत नव्हत्या. हे जुळवण्यात गॅबारॅपच्या शाखेचा वाटा मोठा निघाला.

मग १९९९ चं नाव चुकीचंच म्हणायचं का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या चेतापेशींतली ऑटोफॅजी बंद केली, तेव्हा साचलेल्या पी-६२ या प्रथिनात गॅबारॅप अडकून पडलं आणि पृष्ठभागावरचे गॅबा रिसेप्टर कमी झाले. म्हणजे हमाली खरीच होती. मग २००५ च्या उंदरांचं काय? गॅबारॅपला दोन सख्खी भावंडं आहेत. एक गैरहजर असताना दुसऱ्यांनी काम सांभाळलं असावं, असा तर्क आहे. पी-६२ मध्ये मात्र भावंडंही अडकतात.

आपल्याकडे कुलकर्णी आडनावाच्या माणसाकडे आज कुणी गावचं दप्तर मागत नाही. आडनाव खोटं नसतं, ते एका काळातलं काम सांगतं. प्रथिनांचंही तसंच आहे. ज्याने आधी पकडलं, त्याच्या प्रश्नावरून नाव पडतं.

आता नळीकडे परत. पेशीत 'एटीजी-४' हे विकर गॅबारॅपचं शेवटचं, ११७ वं अमिनो आम्ल कापतं. त्यानंतरच ते स्निग्ध रेणूला जोडलं जाऊ शकतं. जिवाणूत हे विकर नसतं. म्हणून माझ्या नळीत ११७ वालं आहे की ११६ वर थांबवलेलं, हे लेबलच्या बारीक अक्षरांत बघावं लागतं. पिशवीचा प्रयोग करायचा आणि नळीत ११७ वालं असेल, तर आधी ते कापून घ्यावं लागतं. ते विसरलो तर 'गॅबारॅप काम करत नाही' असा चुकीचाच निष्कर्ष वहीत जाईल.

प्रस्तावातलं ते वाक्य मी बदललं. आता तिथे लिहिलंय, 'गॅबारॅप आणि त्याची भावंडं गॅबा रिसेप्टरच्या वाहतुकीत भाग घेतात. त्यातला गॅबारॅपचा स्वतःचा वाटा किती, हे तपासायचं आहे.' वाक्य पूर्वीइतकं रुबाबदार राहिलं नाही, पण गाइडनी त्याखाली बरोबरची खूण केली. तुम्हीही एखाद्या प्रथिनावर काम करत असाल, तर त्याचं नाव कुणी, कधी आणि कोणता प्रश्न विचारताना ठेवलं, ते एकदा शोधून बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.