सगनभाऊंची शेवटची ओळ
‘हे आम्ही लिहिले असते तर!’ असे वाटायला लावणारी गाणी पुष्कळ. पण आमचा खरा हेवा सगनभाऊंच्या लावण्यांचा. जेजुरीचे हे मुसलमान शाहीर, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या या माणसाचे नाव उत्तर पेशवाईत होनाजी बाळा, रामजोशी, प्रभाकर यांच्या बरोबरीने घेतले जाऊ लागले. १८१८ साली पेशवाई बुडाली; लावणी मात्र तरली.

उर्दू शाळेत आम्ही गझलेचा मक्ता शिकवतो. त्यात शायर आपले तखल्लुस गुंफतो. लावणीच्या अखेरीसही शाहिराचे नाव येते. ‘मुसलमान मराठीत कधीपासून लिहू लागले?’ असे आजही आम्हाला विचारले जाते. सगनभाऊंनी त्याचे उत्तर आपल्या नावानिशी देऊन ठेवले आहे. त्या जागी आमचे नाव असते तर!