वळिवडें : कोणाचें माहेर, कोणाचें आजोळ

मिरजेहून कोल्हापुरास जातांना वळिवडें नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. तेथें मुद्दाम खालीं उतरावें असें कांहीं आहे, हें आम्हांस पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें. आणि आम्ही तर इतिहास शिकविण्यांतच जन्म घालविला!

१९४३ पासून १९४८ पर्यंत या गांवच्या शिवारांत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९३९ सालीं रशियानें पूर्व पोलंड व्यापला व पुढें तेथील लक्षावधि लोकांस सैबेरिया-कझाकस्तानांत हद्दपार केलें. १९४१ सालीं जर्मनीची रशियावर स्वारी झाली, तेव्हां त्यांपैकीं अनेकांची सुटका होऊन कांहीं जण इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचले. कर्ते पुरुष बहुधा सैन्यांत. त्यामुळें येथें भरणा स्त्रियांचा व मुलांचा. बराकींच्या रांगांतून शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिर उभें राहिलें, बालवीरांचीं पथकें जमलीं. मुलांनीं मायभाषा विसरूं नये म्हणून वडील माणसें झटत होतीं, कारण घरीं परतणें ही केवळ दिवसांची बाब आहे अशी त्यांची समजूत.

परंतु १९४५ च्या याल्टा परिषदेनें पोलंडची सरहद्द पश्चिमेकडे सरकविली. घरें तेथेंच राहिलीं. देश मात्र त्यांच्या खालून निघून गेला. परतावयाचें तें कोठें?

येथें आम्हांस आपल्याकडील दोन शब्द आठवतात. वडिलांस पोलंड हें माहेर होतें. मुलांस मात्र, विशेषतः तान्हेपणीं देश सोडलेल्यांस, तें आजोळ झालें: ऐकून प्रिय झालेलें, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यानें ओळखीचें. त्यांचें माहेर वळिवडें. १९४८ नंतर हीं मुलें इंग्लंडांत व अन्यत्र विखुरलीं, तरी म्हातारपणींही आपल्याला हिंदुस्थानांतले पोल म्हणवून एकत्र जमत राहिलीं. कोल्हापुरास महावीर उद्यानांत त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा येथेंही कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक असून २०२४ च्या ऑगस्टांत भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पें वाहिलीं. ज्यांस आपण पाहुणे समजलों, त्यांनीं आपलें गांव आपल्याहून अधिक जपलें, याची थोडी लाज वाटते.

पोल गेले आणि त्याच जागीं फाळणीनें उखडलेले सिंधी लोक आले. तें आजचें गांधीनगर, कापडाची मोठी पेठ. मध्यंतरीं तेथें कापड घेतांना आम्ही एका तरुण दुकानदाराशीं हिंदींत बोलूं लागलों. त्यानें अस्सल कोल्हापुरी मराठींत भाव सांगितला, व लगेच आंत वळून आजीला सिंधींत कांहीं विचारलें.