साडेतीन मिनिटांचा पुरावा

अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. मास्टर दीनानाथ त्यात तेजस्विनी व्हायचे, चाली वझेबुवांच्या. दीनानाथांनी गायलेल्या या नाटकातल्या पदांच्या रेकॉर्डी आज सहज ऐकायला मिळतात. नांदगाव पेठेतल्या माझ्या खोलीत त्या ऐकूनच मी प्रकरणात लिहून टाकलं, "दीनानाथ नाट्यपद द्रुत लयीत, थोडक्यात आटोपत असत." मार्गदर्शकांनी वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "प्रयोग ऐकलास का रेकॉर्ड?"

आता तुम्हीच बघा. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अस्थाई, अंतरा, दोन-चार ताना आणि शेवट, सगळं बसवायचं. थिएटरात हेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी लांबायचं. म्हणजे आटोपशीरपणा गायकाचा की तबकडीचा, हे नुसत्या रेकॉर्डवरून ठरत नाही. माझं वाक्य इथंच कोसळलं.

लयीचं तर आणखी अवघड. तबकडीवर ७८ फेरे लिहिलेले असले, तरी त्या काळी सगळं ध्वनिमुद्रण नेमकं त्याच गतीनं होत नसे. ७८ ची तबकडी ८० नं वाजवली तर लय वाढतेच, सूरही जवळजवळ अर्धा सेमीटोन चढतो. दीनानाथांच्या आवाजाची धार ऐकून आपण भारावतो, पण त्यातली थोडी धार यंत्राची तर नाही? साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधल्याच सुरात वाजतेय असं वाटलं, तर गतीवर संशय घ्या. (पेटी कुठल्या सुरावर बांधली होती हे माहीत नसतं, म्हणून संशयच घ्या, निकाल देऊ नका.) इंटरनेटवरची प्रत 'साफ' केलेली असेल तर खरखरीबरोबर आवाजाचा वरचा भागही गेलेला असतो. शक्य असेल तर मूळ तबकडी पाहा, लेबलभोवतीच्या गुळगुळीत जागेतला मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्या.

मग रेकॉर्ड कशाला ऐकायची? तर, तान कुठून उचलली, शब्द कुठं तोडला, समेवर कसं आले, हे दुसरा कुठलाच कागद सांगत नाही. मेणावर एकदा गायलेलं कापून जोडता येत नसे, त्यामुळे बाजू सलग एका दमातली असते. माझ्या मते हीच या रेकॉर्डींची खरी किंमत.

प्रकरणातलं वाक्य आता असं आहे : "उपलब्ध ध्वनिमुद्रणात दीनानाथ ताना आखूड ठेवतात, प्रयोगातल्या विस्ताराबद्दल यावरून अनुमान करता येत नाही." वाचायला मिळमिळीत आहे खरं, पण व्हायव्हात टिकेल.