दोन रंगांचे घर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु घरातील वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा जमाखर्चाच्या वहीत सापडतो. अशाच एका वस्तूचा जमाखर्च आज आपण पाहू.

१९८२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक विक्रीस काढला. १६ किलोबाइट स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांस, ४८ किलोबाइटचे १७५ पौंडांस. सामान्य कुटुंबास परवडेल असे यंत्र द्यावयाचे, तर काटकसर कोठे तरी करणे भाग होते.

ती चित्रात झाली. पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ ठिपके. प्रत्येकास पंधरांपैकी हवा तो रंग द्यावा, तर चित्रालाच २४ किलोबाइट लागते. म्हणजे मोठ्या यंत्राची निम्मी स्मृती! म्हणून आठ ठिपके लांब, आठ ठिपके रुंद अशी ७६८ घरे पाडली आणि प्रत्येक घरास दोनच रंग दिले. सारे चित्र ६,९१२ बाइटांत मावले. मात्र तांबडा गडी हिरव्या झाडापुढून गेला की झाड तांबडे व्हावे, नाही तर गडी हिरवा!

आवाजाची गत तीच. एकच लहानसा स्पीकर, तोही प्रोसेसरने स्वतः चालू-बंद करावयाचा. सूर काढावा तर खेळ थांबे. त्याच वर्षी आलेल्या कमोडोर ६४ मध्ये तीन सुरांची स्वतंत्र चिप होती. पण त्याची आरंभीची किंमत ५९५ डॉलर होती. तेव्हा उणीव ज्ञानाची नव्हती, पैशाची होती.

यातून वाटा निघाल्या. १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये मॅथ्यू स्मिथने हालचालींच्या फटींत तुटक सूर पेरून खेळ चालू असताना ग्रीगची धून वाजविली. १९८४ च्या ‘नाइट लोअर’ने प्रत्येक दालन एकाच रंगात काढले, रंग सोडला आणि खोली मिळविली.

यावरून ‘अभाव हाच कलेचा गुरू’ असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. १९८६ मध्ये तीन सुरांची चिप असलेले १२८ किलोबाइटचे यंत्र ब्रिटनमध्ये आले, तेव्हा संगीतकारांनी ती चिप आनंदाने हाती घेतली. अभाव कोणालाच प्रिय नव्हता. पण त्या अभावाच्या बदल्यात सामान्य घरातील मुलांच्या हाती संगणक आला, आणि त्यांतील काहींनी खेळता खेळता खेळ रचावयास आरंभ केला. त्या वहीत खर्चाच्या बाजूस रंग आणि सूर दिसतात. जमेच्या बाजूस ही मुले आहेत. दोन्ही बाजू वाचल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.