कोंबड्याचा तुरा आणि आईचा गुडघा

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून मावशी आली. नेहमीप्रमाणे बदाम, चॉकलेटं आणि यावेळी एक बाटली. त्यावर लिहिलेलं 'हायलुरॉनिक ॲसिड'. आईचे गुडघे सात-आठ वर्षं दुखतायत (झिजेचा संधिवात). "ताई, रोज दोन घे, गुडघ्यात वंगण वाढतं," इति मावशी. झालं, बाटली औषधांच्या डब्यात जाऊन बसली आणि फिजिओवाल्या बाईंनी दिलेले व्यायाम दुसऱ्या दिवसापासून बंद.

आमचा धंदाच असा, की डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय चैन पडत नाही. शनिवार-रविवार त्यातच गेला. निघालं ते मात्र भलतंच रंजक.

गोष्ट सुरू होते १९३४ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. कार्ल मेयर हा जर्मनीहून आलेला बायोकेमिस्ट तिथे डोळ्यांच्या विभागात होता. त्याने आणि जॉन पामरने गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या जेलीतून साखरेच्या लांबलचक साखळीचा एक नवा पदार्थ वेगळा काढला. काचेसाठी ग्रीक 'हायलॉस', त्यात युरॉनिक ॲसिड, दोन्ही जोडून नाव तयार. (आमच्या व्हेरिएबल्सच्या नावांपेक्षा बरंच बरं :) ) पुढे तोच पदार्थ नाळेत, त्वचेत, सांध्यातल्या द्रवात सापडत गेला.

पण खरा हिरो म्हणजे हंगेरीचा एंड्रे बलाझ. १९४२ साली त्याच्या डोक्यात हे आलं, की बेकरीत अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हा पदार्थ वापरावा! बेकरीचं काही पुढे गेलं नाही, बलाझ मात्र आधी स्वीडन, मग बोस्टनला गेला आणि आयुष्यभर या चिकट द्रवाला चिकटून राहिला. कच्चा माल काय? कोंबड्याचा तुरा. त्यात हा पदार्थ ठासून भरलेला असतो. त्यातून सूज आणणारा भाग काढून टाकायचं तंत्र त्याने बसवलं, १९७९ साली त्याचं पेटंट मिळालं. हे इंजेक्शन माणसांच्या आधी शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत गेलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तर त्याने क्रांतीच केली. डोळ्याची पुढची पोकळी जेलने फुगलेली राहते, त्यामुळे नवं भिंग बसवताना बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होत नाही. १९९७ साली अमेरिकेत गुडघ्यातल्या इंजेक्शनलाही परवानगी मिळाली. (२०२२ साली बीएमजेत आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार त्याचा फायदा नकली इंजेक्शनपेक्षा जेमतेमच. असो.)

आता सुईतून गोळीत कसं आलं? २००० साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने जपानमधलं युझुरिहारा गाव दाखवलं. तिथले म्हातारे ठणठणीत, त्वचा तुकतुकीत, आणि त्याचं श्रेय तिथल्या डॉक्टरांनी दिलं रताळी, अळकुड्या अशा चिकट कंदांना. अळकुड्या तर आपणही खातो की! गंमत अशी, की वनस्पती हायलुरॉनिक ॲसिड बनवतच नाहीत. अळकुडीचा चिकटपणा वेगळाच. पण 'दीर्घायुषी गाव' हे शब्द गोळीवाल्यांना पुरेसे होते.

थोडा हिशोब करू. ७० किलोच्या माणसात हा पदार्थ साधारण १५ ग्रॅम असतो आणि त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ५ ग्रॅम, शरीर रोज मोडून नव्याने बनवतं. गोळ्यांतून रोज फार तर २०० मिलीग्रॅम. त्यातही एवढा अवाढव्य रेणू आतड्यातून अख्खा आत जात नाही, तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात.

आणि 'पातळी वाढवणं' हे नेहमी चांगलं, असंही नाही. रक्तातला हा पदार्थ यकृत साफ करतं. सिऱ्होसिसमध्ये ते काम मंदावतं आणि पातळी चढते. म्हणून डॉक्टर या चढलेल्या आकड्याकडे यकृत निबर होत चालल्याची खूण म्हणून बघतात. रूमेटॉइड संधिवातातही रक्तात तो वाढलेला सापडतो. वाढायला हवा तो गुडघ्यात, आणि गोळीला पत्ता कोण सांगणार?

तरी एक चाचणी मी दोनदा वाचली. क्यूपी ही जपानी कंपनी, मेयोनीजसाठी प्रसिद्ध (शेवटी अंड्यापाशी आलोच!), कोंबड्याच्या तुऱ्यापासून हे ॲसिडही काढते. २०१२ साली जपानमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० रुग्णांपैकी अर्ध्यांना वर्षभर रोज २०० मिलीग्रॅम, बाकीच्यांना नकली गोळ्या. बरं दोन्ही गटांना वाटलं. सत्तरीपर्यंतच्या खऱ्या गोळीवाल्यांना जरा जास्त, एवढाच फरक. आणि दोन्ही गटांना रोज मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सांगितलेला होता!

हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुरा म्हणजे कोंबड्याचा? खरा?" भिंग घेऊन लेबल वाचलं. तिथे बारीक अक्षरात तेच लिहिलेलं होतं. बारा दिवस ती तेच गिळत होती, त्यात संकष्टीही येऊन गेली.

मावशीला फोन झाला, तो काय झाला ते इथे लिहीत नाही. बाटली आता माझ्या टेबलावर आहे. आणि आज सकाळी हॉलमध्ये सतरंजी पसरलेली दिसली. आई पाय सरळ उचलून, मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजत होती.